पाण्याची ओळ

आमच्या परसात, विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर, शेवग्याचे एक जुने झाड होते. निफाड तालुक्यातील आमच्या गावात शेवगा काही नवलाईचा नव्हता. दर दोन घरांआड एखादे झाड असेच. पण आमच्या झाडावर माझा विशेष जीव होता. दर वर्षी शेंगांचा बहर सरला, की आजोबा कुऱ्हाड घेऊन त्याच्या फांद्या छाटून टाकीत. झाड अगदी बोडके, केविलवाणे दिसू लागे. मला वाटे, आता हे काही जगत नाही. पण पंधरा दिवस जातात न जातात तोच त्या बोडक्या खोडावर चहूकडून पोपटी धुमारे फुटत, आणि पाऊस स्थिरावेपर्यंत आमचे झाड पुन्हा पहिल्यासारखे वाऱ्यावर झुलू लागे. आजी त्या कोवळ्या पाल्याची भाजी करी. बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी खाताना माझ्या मनात नेहमी एकच विचार येई : या पाल्यात असे काय आहे, की ज्याच्या जोरावर तोडलेले झाड इतक्या लवकर उभे राहते?

हा प्रश्न मी बरेच दिवस मनात बाळगून होतो. मी सहावीत असताना, एका उशिराच्या पेरणीने त्याला वाट मिळाली. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षे होत आली.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास भुईमुगाचे वेल उपटून रानात वाळत पडले होते. इतक्यात अवेळी पाऊस आला आणि चांगला आठवडाभर मुक्काम करून राहिला. आमची जमीन काळी आणि भारी. ती ओली असताना तीत औत घातले, तर मोठमोठी ढेकळे निघतात आणि ती पुढे दगडासारखी वाळतात. म्हणून रानाला वाफसा येईपर्यंत हात बांधून बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. आजोबा रोज सकाळी शेतावर जात, मूठभर माती उचलून दाबून पाहत आणि काही न बोलता परत येत. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही ओळखावे, की आजही वाफसा नाही.

आजोबांच्या या काळजीचे कारण सांगितले पाहिजे. गहू हे थंडीचे पीक. आपल्या महाराष्ट्रात थंडी थोडी, आणि तीही चार दिवसांच्या पाहुणीसारखी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाला फुटवे फुटायला, ओंबी धरायला आणि दाणा भरायला पुरेशी थंडी मिळते. पेरणी जसजशी लांबेल, तसतसा दाणा भरण्याचा काळ फेब्रुवारीच्या अखेरच्या आणि मार्चच्या उन्हात सापडतो. मग दाणा पुरता भरण्याच्या आतच ओंबी पिकून जाते, आणि हाती येतात ते बारीक, सुरकुतलेले दाणे. त्यातच डिसेंबरमध्ये जमीन इतकी गार असते, की पेरलेले बी वर यायलाच अधिक दिवस घेते. निफाडची थंडी तर साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. म्हणजे आधीच उशीर, आणि त्यात आणखी उशीर! आजोबांनी ‘सोनालिका’ जातीचे बी राखले होते. उशिराची पेरणी सोसणारी म्हणून ही जात तेव्हा शेतकऱ्यांच्या विश्वासाची होती. पण आमचा गहू होता अवघा एक एकर, आणि वर्षभराच्या पोळीची भिस्त त्याच एका एकरावर होती.

याच सुमारास आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी ‘बीज कसे रुजते’ हा पाठ शिकवला. तुम्ही गव्हाचा दाणा कधी नीट निरखून पाहिला आहे का? त्याच्या एका अंगाला लांब खाच असते. दुसऱ्या अंगाला, अगदी तळाशी, एक लहानसा सुरकुतलेला उंचवटा असतो. त्या उंचवट्याखाली गव्हाचे अख्खे रोप झोपलेले असते. बाकीचा सारा दाणा म्हणजे त्याच्यासाठी पिठाच्या रूपाने बांधून ठेवलेली शिदोरी! दाण्याला पाणी मिळाले, की हे रोप जागे होते आणि सालीच्या आतल्या थराला जणू निरोप धाडते. त्या थरात विकरे तयार होतात, आणि ती विकरे पिठाची साखर करून रोपाला भरवतात. मग मुळी फुटते आणि मागोमाग कोंब वर येतो.

गुरुजी म्हणाले, “शिदोरी सोडण्याचे हे पहिले काम मातीत होण्याऐवजी घरातच झाले तर? बी रात्रभर पाण्यात भिजवायचे, पण मुळी फुटण्यापूर्वीच बाहेर काढून सावलीत सुकवायचे, आणि मग पेरायचे. असे बी जमिनीत पडले, की लगेच कामाला लागते.” बियाण्यावर संस्कार करण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे, हेही त्यांनी सांगितले. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला आहे. त्यात बी दुधात भिजवण्याचे आणि शेणात घोळण्याचे विधी आहेत. इतके दूर तरी कशाला जायचे? कापूस पेरणारे शेतकरी सरकी शेणकाल्यात घोळून घेत. त्यामुळे सरकीवरची लव चिकटून बसे आणि पेरताना बी सुटे पडे. आमची आजीसुद्धा बियाण्याच्या गव्हात कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालून ठेवी, तो किडीपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणूनच.

गुरुजी बोलत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र परसातला शेवगा उभा राहिला. साध्या पाण्याऐवजी शेवग्याच्या पाल्याच्या रसात गहू भिजवला तर? झाडाचा तो सारा जोम दाण्यात उतरणार नाही का? मला इतका आनंद झाला, की मधल्या सुट्टीतच मी ही कल्पना साऱ्या वर्गाला सांगून टाकली. सोबत्यांनी माझे नाव ‘शेवगावैद्य’ असे ठेवले. मीही हट्टाला पेटलो आणि म्हणालो, “हसा आता! आमचा गहू सगळ्यांच्या आधी वर आला, म्हणजे कळेल!”

त्याच संध्याकाळी मी पाटीभर कोवळा पाला तोडला, खलबत्त्यात कुटला, जुन्या फडक्यातून त्याचा रस पिळला, आणि त्या दाट हिरव्या रसात दोन मुठी गहू रात्रभर भिजत घातला. हे बी कणगीतले होते, आणि आजोबांना विचारण्याचे मला सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मी कोपऱ्यात ठेवले. तीन दिवसांनी गोणपाट उलगडले, तेव्हा आंबूस वास आला. बहुतेक दाणे फुगून बुळबुळीत झाले होते. मुळी फुटलेले दाणे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

आजोबा मागे केव्हा येऊन उभे राहिले ते मला कळले नाही. ते रागावले नाहीत. त्यांनी एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि म्हणाले, “बी खायचे नसते आणि नासायचेही नसते, बाळ. पुढच्या वेळी विचारून घे.”

मी खिन्न होऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी सारे ऐकून घेतले. “रस किती दाट होता?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “निव्वळ रसच होता, गुरुजी.” ते हसले. “अरे, दाट रसात क्षार आणि दुसरी द्रव्ये इतकी असतात, की दाण्याला त्यातून पाणी ओढून घेणेच जड जाते. शिवाय असा रस रात्रीतून आंबू लागतो. औषधाची मात्रा असते, तशी याचीही असेल. तो पातळ करून पाहा. आणि मला सांग, जोडीला दुसरे काय ठेवले होतेस?”

“दुसरे म्हणजे काय?”

“समज, तुझे सारे दाणे उगवले असते. ते रसाने उगवले की नुसत्या भिजण्याने, हे तू कसे ओळखले असतेस? म्हणून शंभर दाणे कोरे ठेव, शंभर साध्या पाण्यात भिजव, आणि मग तुझ्या रसाचे शंभर. एकच गहू, एकच गोणपाट, एकच कोपरा. फरक राहू दे तो फक्त भिजवण्याचा.”

या वेळी मी आजोबांना विचारले. शंभर दाण्यांची परीक्षा त्यांना नवी नव्हती. दर वर्षी पेरणीपूर्वी ते स्वतःच ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडून त्याची गुंडाळी करीत आणि शेकडा किती दाणे उगवतात ते पाहत. त्यांनी मला पाचशे दाणे मोजून दिले. एक वाटी रसात दहा वाट्या पाणी, दुसऱ्या वाटीत वीस, तिसरीत तीस अशी तीन मिश्रणे मी केली. चौथे भांडे साध्या पाण्याचे, आणि पाचवे शतक कोरे. रात्रभर भिजलेले दाणे सकाळी सावलीत सुकवले, पाच गुंडाळ्या केल्या, आणि प्रत्येकीला खुणेची दोरी बांधली.

तिसऱ्या दिवशी पहाटे, घरात कोणी उठण्यापूर्वी, मी कंदिलाच्या उजेडात गुंडाळ्या उलगडल्या. दहापट पाण्याचे दाणे मागे रेंगाळले होते. वीसपटीचे बरे होते. तीसपटीची गुंडाळी उलगडली आणि माझे काळीज उड्या मारू लागले. शंभरांपैकी त्र्याहत्तर दाण्यांना पांढऱ्याशुभ्र मुळ्या फुटल्या होत्या! कोऱ्या दाण्यांत असे फक्त चौतीस निघाले. मी जिंकलो होतो!

राहता राहिली पाण्याची गुंडाळी. मी ती उलगडली, मोजली, पुन्हा मोजली. एकाहत्तर.

त्र्याहत्तर आणि एकाहत्तर. दोन दाण्यांचा फरक! तेवढा फरक तर एकाच पोत्यातल्या दोन मुठींतही पडेल, हे मला त्या वयातही कळत होते. म्हणजे माझ्या शेवग्याने काही केलेच नव्हते. जे केले ते पाण्याने. वर्गातली हसणारी तोंडे माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागली. मी वही उघडली. चार आकडे खरे लिहिले. पाचव्यापाशी हात थांबला. मग मी लिहिले : “पाणी — एकावन्न.” आणि गुंडाळी झटकून सारे दाणे कोंबड्यांपुढे टाकून दिले.

संध्याकाळी आजोबांनी वही मागवली. त्यांना अक्षरओळख बेताचीच होती. पण आकडे ते चोख वाचत. बराच वेळ त्यांनी ते पान न्याहाळले. मग ते आईला आणि आजीला म्हणाले, “पोराने काम केले आहे. वाफसा आला आहे, परवा पेरायचे. उद्या रात्री सारे बी शेवग्याच्या रसात भिजवू.”

एका एकराचे बी म्हणजे पन्नास किलो. ते बुडेल एवढ्या पाण्यासाठी, तीसास एक या मानाने, दोन-तीन तांबे तरी रस हवा. वाटीभर रसाला पाटीभर पाला लागतो, हे मला ठाऊक होते. पण त्या पाट्यांची गणना मी तोवर केली नव्हती. दुसऱ्या दिवशी आजोबांनी झाडाच्या फांद्या उतरवल्या. दिवसभर शेतात राबून आलेली आई आणि तिच्याबरोबर आजी, अशा दोघी दिवेलागणीनंतर अंगणात उखळापाशी बसल्या. बाहेर कडाक्याची थंडी पडली होती. मुसळाचा घाव उखळात बसला, की त्याचा आवाज माझ्या छातीत उमटे. पहिली पाटी संपली. आईने फडक्यात चोथा घेऊन पिळला. थोडासा रस निघाला. तिने हात झटकला, तेव्हा कंदिलाच्या उजेडात मला तिच्या तळहातावर आलेला फोड दिसला. तिने लुगड्याचा पदर हाताभोवती गुंडाळला आणि दुसरी पाटी पुढे ओढली.

माझ्याने ते पाहवेना. मी आजोबांपाशी गेलो आणि रडत रडतच म्हणालो, “आजोबा, मी खोटे लिहिले. पाण्याचे एकावन्न नव्हते. एकाहत्तर होते.”

मुसळ थांबले. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. रागाचा शब्द परवडला असता, पण ती शांतता मला सोसवेना. मग ते हळूच म्हणाले, “वहीतला आकडा गव्हाला वाचता येत नाही, बाळ. तो आपल्या चालीनेच उगवतो. फसलो असतो ते आपण.”

मी मान खाली घालून उभा होतो. पण आजोबांचे बोलणे संपले नव्हते. ते स्वतःशीच हिशेब करीत असल्यासारखे म्हणाले, “कोरे चौतीस आणि पाण्याचे एकाहत्तर. म्हणजे दुपटीहून जास्त! अरे, पाणी तर विहिरीत आहे, फुकट आहे. एवढी मोठी गोष्ट तुझ्या हाती लागली, आणि तू ती लपवून ठेवलीस?”

मी चमकून वर पाहिले. खरेच, माझ्या हे ध्यानातच आले नव्हते. शेवगा जिंकावा या हट्टापायी मी पाण्याचा आकडा शत्रूसारखा मानला होता. त्या पाच आकड्यांतला सर्वांत उपयोगाचा आकडा तोच होता, आणि नेमका तोच मी खोडून टाकला होता.

आजी उखळ आवरीत म्हणाली, “निघाला आहे तेवढा रस तरी वाया का घालवायचा?” तिच्या या म्हणण्यातून आमची पेरणी ठरली. बहुतेक सारे बी रात्री साध्या पाण्यात भिजत पडले. थोडे बी तीसपट पातळ केलेल्या रसात घातले, आणि गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे थोडे कोरेच ठेवले. सकाळी भिजलेला गहू गोणपाटावर सावलीत पसरला. दाणे ओले राहिले तर ते चाड्यात चिकटतात आणि नळीतून नीट पडत नाहीत. म्हणून ते हाताला सुटे लागेपर्यंत आजोबांनी वाट पाहिली. मग पाभर जुंपली. आमची पाभर तीन फणांची होती. पाटाच्या बाजूने पहिल्या दोन फेऱ्या रसाच्या बियाण्याच्या, पुढच्या दोन कोऱ्या, आणि उरलेले सारे रान पाण्यात भिजवलेल्या बियाण्याचे. जेथे बी बदलले, तेथे मी बांधावर एकेक काठी रोवली.

आठव्या दिवशी शेतात गेलो, तो भिजवलेल्या बियाण्याच्या ओळींवर पोपटी रेघा उमटल्या होत्या. मधल्या सहा ओळींची माती मात्र अजून काळीच होती. ते कोंब दहाव्या दिवशी दिसले. दोन दिवस! ऐकायला ते थोडे वाटतात. पण उन्हाशी शर्यत लागलेल्या गव्हाला ते दोन दिवस केवढे मोलाचे, हे आजोबांच्या चेहऱ्यावरून मला समजले. रसाच्या आणि पाण्याच्या ओळींत मात्र काही फरक नव्हता. शनिवारी मी वर्गात उभा राहिलो आणि पाचही आकडे खरे सांगितले. मी आधी काय लिहिले होते तेही सांगितले. थोडे हसू झाले. मग एकाने विचारले, “आमच्याही घरी पेरणी राहिली आहे. पाण्यात किती वेळ भिजवायचे?” मी म्हणालो, “एक रात्र, बारा तासांहून जास्त नाही. मुळी फुटली आणि मग बी सुकवले, तर ते मरते.” त्या दिवसापासून मला ‘शेवगावैद्य’ कोणी म्हटले नाही.

येथेच ही गोष्ट संपायची. पण महिन्याभराने, गव्हाला फुटवे आले तेव्हा, एक नवल घडले. रसाच्या ओळी इतरांहून हिरव्यागार आणि दाट दिसू लागल्या. मी धावत जाऊन गुरुजींना शेतावर घेऊन आलो. प्रत्येक ओळीतली दहा-दहा रोपे घेऊन आम्ही फुटवे मोजले. रसाच्या ओळींत ते खरोखरच अधिक भरले. माझा आनंद पुन्हा उसळला; पण गुरुजी मात्र पाटाकडे पाहत होते.

“या ओळी पाटाच्या कडेच्या आहेत ना?” ते म्हणाले. “पाट झिरपतो. या रोपांना बाकीच्यांहून अधिक ओल मिळाली असेल. मग हे रसाने झाले की पाटाने?”

मी उत्तर देऊ शकलो नाही. गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझी कल्पना चुकीची ठरली असे नाही. ती अजून सिद्ध झाली नाही, इतकेच. रसाची एक ओळ पाटाशी, एक मध्ये, एक पलीकडच्या बांधाशी, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या शेजारी पाण्याची ओळ, असे करायला हवे होते.” त्या दिवशी वहीत मी लिहिले : “रसाच्या ओळींत फुटवे अधिक. कारण ठरले नाही.” हे वाक्य लिहिताना मला मुळीच लाज वाटली नाही.

पुढे मोठेपणी या विषयावरचे लेखन माझ्या वाचनात आले, आणि माझ्या लहानपणच्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मला मिळाले. १९६३ साली न्यूझीलंडमध्ये लेथम या शास्त्रज्ञाने मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून एक द्रव्य वेगळे काढले. वनस्पतीच्या पेशींचे विभाजन घडवून आणणे आणि पानांचे हिरवेपण टिकवून धरणे, हे त्याचे काम. मक्याच्या शास्त्रीय नावावरून त्याला ‘झिॲटिन’ असे नाव मिळाले. हेच द्रव्य शेवग्याच्या कोवळ्या पाल्यातही चांगल्या प्रमाणात असल्याचे संशोधकांना आढळले. पाकिस्तानात, पंजाब प्रांतातील फैसलाबाद येथे मोठे कृषी विद्यापीठ आहे. आपल्यासारखाच तेथेही उशिरा पेरलेल्या गव्हाचा प्रश्न आहे. तेथील संशोधकांनी शेवग्याच्या पाल्याचा रस काढून तो गव्हाच्या बियाण्याला दिला आणि उभ्या पिकावरही फवारला. उशिरा पेरलेल्या गव्हावरील त्यांच्या फवारणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पिकाची पाने अधिक काळ हिरवी राहिली आणि त्यामुळे दाणा भरायला अवधी मिळाला. त्यांनी रस किती पातळ केला होता, ठाऊक आहे? तीसपट!

हे वाचताना मला हसू आले आणि डोळेही पाणावले. पण मला सर्वांत मोठा आनंद झाला, तो निराळ्याच गोष्टीचा. त्यांचे वाफे एकाच ठिकाणी नव्हते. प्रत्येक प्रकाराचे वाफे त्यांनी शेतात निरनिराळ्या जागी पुन्हा पुन्हा मांडले होते. आणि रसाच्या जोडीला, तुलनेसाठी, नुसत्या पाण्याचेही वाफे होते. आमच्या गुरुजींनी पाटाच्या कडेला उभे राहून सांगितले होते, अगदी तसेच.

त्या वर्षीचा आमचा गहू कसा झाला, हे सांगायचे राहिले. फार उत्तम झाला नाही. उशिराचा गहू तो उशिराचाच. पण वर्षाच्या पोळीपुरता नक्की झाला, आणि बियाण्यासाठी कणगीही भरली. पुढच्या वर्षी पेरणी वेळेवर झाली, तरीही आजोबांनी बी रात्रभर पाण्यात भिजवले. ते असेतोवर हा नेम कधी चुकला नाही.

आज आजोबा नाहीत, आणि तो शेवगाही एका वादळात उन्मळून पडला. मी मात्र अजूनही दर हंगामात शेतावर जातो. कोणी एखादे नवे औषध, नवा अर्क घेऊन येतो आणि त्याने पीक दुप्पट होईल असे सांगतो. त्याचे बोलणे मी लक्षपूर्वक ऐकून घेतो. कारण झाडपाल्यात अजून पुष्कळ गुण दडलेले असतील, याविषयी मला शंका नाही. त्याचे बोलणे संपले, की मी त्याला एवढेच विचारतो, “यात पाण्याची ओळ कोणती?”